आईसाठी हेल्थ ॲप बनवलं, आई मात्र कॅलेंडरवरच लिहिते. कुठे चुकतंय?

अर्धवट_अभियंता (धागाकर्ता)
सोमवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज अडलोय म्हणून धागा काढतोय. पुण्यात एका छोट्या कंपनीत आहे. आम्ही पाचजणांनी मिळून बीपी-शुगरची नोंद ठेवणारं आणि गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप बनवलंय (नाव सांगत नाही, जाहिरात नको). मराठीत आहे, फुकट आहे, आलेख वगैरे छान रंगीत आहेत. डाउनलोड बऱ्यापैकी होतात, पहिला आठवडा लोक इमानदारीत आकडे भरतात आणि मग गायब. महिन्याभराने उघडणारे बोटावर मोजण्याइतके.

त्यात घरचा आहेर असा की माझी आई (वय ६९, बारा वर्षं डायबेटिस, बीपी पण आहे) स्वतःच ते वापरत नाही. मीच फोनमध्ये टाकून दिलंय, दोनदा शिकवलंय. ती मशीनवर बोट टोचते, आकडा बघते आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाच्या खाली बॉलपेनने लिहिते. "उपाशी १३२, जेवून १८८". परवा विचारलं तर म्हणाली, तुझं ते उघडेपर्यंत माझा चहा होतो.

ऑफिसात म्हणतायत फीचर्स कमी पडतायत, चॅटबॉट टाकू, रोज नोंद केली की पॉइंट देऊ. मला मात्र वाटतंय पाणी दुसरीकडेच मुरतंय. तुम्ही किंवा घरचे असलं काही वापरता का, कधी सोडलं, का सोडलं? शिव्या चालतील.

टवाळ_टोण्या
रुमाल टाकून ठेवतो. बादवे पॉइंट साठले की बक्षीस काय, पेढे?

सुलभाताई_नाशिक
मी बोलून टाइप करते आहे त्यामुळे चुका पोटात घाला. वय ७१. तुमच्या आईचं अगदी बरोबर आहे. माझ्या सुनेने असंच एक ॲप टाकून दिलं होतं. पहिल्यांदा नंबर विचारला, मग ओटीपी आला, ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेले, चार आकडे पाठ करत परत आले तर ॲप पुन्हा पहिल्या पानावर. तीनदा झालं मग चोवीस तासांनी प्रयत्न करा म्हणाले. चोवीस तासांनी मी कशाला करते.

दुसरं म्हणजे मी फोनमधलं अक्षर मोठं करून ठेवलेलं आहे. ते मोठं केलं की पुढे जायचं बटण पडद्याच्या खाली निघून जातं, दिसतच नाही. मी आपली वाट बघत बसते की आता काय होईल. आणि मुख्य गोष्ट कोणाच्या लक्षातच येत नाही. बोट टोचलेलं असतं, त्याला कापूस लावून अंगठ्याने दाबून धरलेला असतो. दुसऱ्या हातात चष्मा. आकडा टाकू कशाने? बोलून टाकायला गेले तर एकशे चाळीसचं एकशे चाळीस रुपये झालं.

अर्धवट_अभियंता
सुलभाताई, कापसाचं आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आम्ही पाचही जण तिशीच्या आतले, कोणालाच शुगर नाही. बटणाचं आत्ता माझ्या फोनवर अक्षर मोठं करून बघितलं. खरंच जातंय खाली. लाज वाटली.

कोडगा_कोडर
थोडं विरुद्ध बोलतो, हलके घ्या. हीच पिढी दिवसभर व्हॉट्सॲपवर असते, रील्स बघते, नातवाला व्हिडिओ कॉल लावते. तिथे ओटीपी आडवा येत नाही, अक्षर लहान वाटत नाही? इच्छा असली की सगळं जमतं, आरोग्याचं ॲप नको असतं कारण त्यात आपली पथ्यं मोडलेली दिसतात. डिझाइनला झोडपणं सोपं आहे.

सुलभाताई_नाशिक
कोडगा, अरे बाळा, व्हॉट्सॲपवर समोर माझी नात असते. मी चुकीचं काहीतरी दाबलं तरी ती हसते आणि उत्तर देते. या ॲपला १८८ सांगितलं की ते लाल होतं आणि गप्प बसतं. १८८ वाईट आहे हे मला माहीत आहे की, आमटीत बटाटा मीच घातलेला असतो.

टवाळ_टोण्या
सुलभाताई रॉक्स. कोडगा, बर्नॉल आणू का?

लेस्टरकर_सांगलीकर
इंग्लंडातून लिहितोय. बाबा दोन वर्षांपूर्वी सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले होते. इथे आल्यावर मशीन बिघडलं म्हणून इथलंच नवीन घेतलं, त्याच्याबरोबर ॲप. सकाळी बाबांचा चेहरा पांढराफटक, "शुगर सात पॉइंट आठ आली रे, मी जिवंत कसा?" इथे शुगर मिलिमोलमध्ये मोजतात, आपल्याकडे मिलिग्रॅममध्ये. मिलिमोलच्या आकड्याला १८ ने गुणलं की आपला आकडा येतो, म्हणजे ७.८ = साधारण १४०. समजावून सांगितलं तरी पुढचे चार दिवस ते कागदावर गुणाकार करत बसायचे. ॲपमध्ये एकक बदलायची सोय होती पण सेटिंगच्या आत सेटिंगच्या आत.

उलटंही होतं. ॲप मिलिग्रॅमवर असताना एखाद्याने मिलिमोलचा ७ टाकला तर ॲपने निदान "हा आकडा बरोबर आहे ना?" असं विचारायला हवं. मशीनवर सात मिलिग्रॅम शुगर बघत शांतपणे नोंद करत बसलेला माणूस नसतो.

डॉ_कडुलिंब
कराडजवळ जनरल प्रॅक्टिस, २२ वर्षं. दुसरी बाजू सांगतो. ओपीडीत एका पेशंटला मला चारपाच मिनिटं मिळतात. पेशंट फोन काढतो, लॉक उघडतो, ॲप शोधतो, जाहिरात बंद करतो, मग मला एक चढउताराची रंगीत रेघ दाखवतो. मला त्या रेघेतून काहीही कळत नाही. उपाशीपोटीचा कुठला, जेवणानंतरचा कुठला, त्या दिवशी गोळी घेतली होती का, ताप होता का? कागदावर तीन रकाने काढून आणलेले असले तर दहा सेकंदांत कळतं.

आणि एक गंमत. पुष्कळ पेशंट माझ्याकडे यायच्या आदल्या रात्री बसून महिन्याभराचे आकडे भरतात. सगळे १२० ते १३०. मग मी एचबीएवनसीची रक्ततपासणी करायला सांगतो, ती तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवते, आणि दोघंही हसतो. त्यांना माझा ओरडा चुकवायचा असतो. ॲपने लाल रंग दाखवून तेच केलं तर ॲपशीही खोटं बोलतील.

अजून एक, आठवण करून देणाऱ्या ॲपमध्ये "वेळ निवडा" म्हणून ८:०० येतं. आम्ही चिठ्ठीवर लिहितो १-०-१, जेवणाआधी किंवा जेवणानंतर. माझ्या शेतकरी पेशंटचं जेवण उसाच्या पाण्याच्या पाळीवर ठरतं. लाइट रात्री आली की तो रात्री दोनला मोटर चालू करायला जातो आणि सकाळी अकराला जेवतो. आठचा गजर त्याच्या काय कामाचा?

संत्रानगरी
डॉक्टर, १-०-१ वाला मुद्दा एकदम जबरदस्त. आमच्या घरी तर फोनच एक होता ना बे इतके दिवस. आईच्या गोळीचा गजर माझ्या फोनवर लावून ठेवला होता, मी एमआयडीसीत मशीनवर उभा आन खिशात ते वाजून राह्यलं, "गोळी घ्या गोळी घ्या". सुपरवायझर म्हणे तुला कोणता रोग आहे.

रेषा_आणि_बिंदू
मी डिझाइनर आहे, हेल्थमध्ये सहा वर्षं. संत्रानगरी हसत हसत जे बोलले ते आमच्याकडे प्रोजेक्ट बुडाल्यावर कळतं. आपण धरून चालतो की एक माणूस = एक फोन. कोविडच्या लसीसाठीच्या कोविन पोर्टलवर सुरुवातीपासून एका मोबाइल नंबरवर चारजणांची नोंदणी होत होती ते याचसाठी, ते बरोबरच होतं. पण १८ ते ४४ वयोगटाची नोंदणी २८ एप्रिल २०२१ ला उघडली तेव्हा पोर्टल इंग्रजीतच होतं, मराठी वगैरे जूनमध्ये आलं. शहरातली पोरं भराभर स्लॉट पकडून खेड्यातल्या केंद्रावर गाड्या घेऊन जायची आणि गावातले लोक दारात उभे, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. सुप्रीम कोर्टानेही तेव्हा हाच प्रश्न विचारला होता, ज्याच्याकडे फोन-नेट नाही त्याने काय करायचं.

चांगली उदाहरणंही आहेत. मुंबईच्या 'आरमान' संस्थेचं एममित्र. गरोदर बाईला आठवड्याला फोन येतो, रेकॉर्ड केलेला आवाज, तिच्या भाषेत. ॲप नाही, साधा डबडा फोन चालतो, आणि फोन कधी यावा ती वेळ तिनेच निवडायची. कारण दिवसा फोन नवऱ्याच्या खिशात असतो! ही गोष्ट ऑफिसात बसून सुचत नाही, चाळीत जाऊन बसावं लागतं.

दुसरं टीबीचं ९९डॉट्स. गोळ्यांच्या पाकिटाला मागे एक आवरण, गोळी दाबून बाहेर काढली की त्याखाली लपलेला फोन नंबर दिसतो, त्यावर रोग्याने फुकटचा कॉल द्यायचा, झाली नोंद. कुठला नंबर निघणार हे आधी माहीत नसतं म्हणून गोळी न काढता कॉल देता येत नाही. लॉगिन नाही, पासवर्ड नाही.

डॉ_कडुलिंब
९९डॉट्स कल्पना म्हणून सुंदर आहे. पण गोळी पाकिटातून निघाली म्हणजे पोटात गेली असं नाही. टीबीवाल्याला उलटी होते, काम सुटतं, घरात कळू द्यायचं नसतं. त्याचा कॉल आला नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात कोण जातं, यावर सगळं आहे.

चुलीवरची_आशा
दारात आम्ही जातो डॉक्टर 🙂

मी आशा सेविका आहे, जिल्हा सांगत नाही. हा धागा भाच्यानं दाखवला म्हणून आयडी काढला. माझ्या फोनात कामाची किती ॲप आहेत ते मोजलं नाही पण पानं दोन भरतात. नाव कुणाचंच घेत नाही, नोकरी (नोकरी पण नाही म्हणा, मानधन) सांभाळायचीय.

बाळ झालं की आमच्या घरभेटी असतात, दवाखान्यात बाळंत झाली तर सहा. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. बाळंतिणीपुढं बसून मी फोनात डोकं घातलं की ती बोलायची थांबते, सासू म्हणते ताई फोटो काढू नका हं. म्हणून मी तिथं फोन पिशवीतच ठेवते. बाळाला हात लावून बघते, दूध ओढतंय का बघते, वजन करते, डायरीत लिहिते आणि रात्री पोरं झोपल्यावर ॲपात भरते. पण ॲप तारीख आपोआप आजची घेतं. सातव्या दिवशीची भेट, गावात रेंज नसल्यानं नवव्या दिवशी भरली, तर भेट उशिरा केली असं दिसतं. मग मीटिंगला बोलणी. भेट वेळेवर केली, बाळ पण बरं, चूक कुणाची?

वर कुणीतरी म्हणालं वापरणाऱ्याचा विचार करून ॲप करावं. आमच्या ॲपात वापरणारी मी, पण ते केलंय बघणाऱ्या साहेबासाठी. त्याच्या पडद्यावर ते लई भारी दिसत असणार.

अर्धवट_अभियंता
चुलीवरची_आशा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. आमच्या ॲपमध्येही तारीख आपोआपच पडते, आणि ती बदलू द्यायची नाही हे मीच ठरवलं होतं. "लोक खोटं भरतील" म्हणून.

भोपळ्याचीवेल
आशाताईंना साष्टांग. हेच अंगणवाडीवाल्यांच्या बाबतीत तर जाहीरच झालं होतं. पोषण ट्रॅकर हे त्यांचं सरकारी ॲप मार्च २०२१ मध्ये आलं तेव्हा इंग्रजीत. सेविका मराठी शाळेत शिकलेल्या, आणि हातातले सरकारी फोन २०१९ चे, दोन जीबी रॅमचे, ॲप उघडलं की गरम होऊन बंद. त्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. मोबाइल वापसी आंदोलन. मराठीचा प्रश्न हायकोर्टापर्यंत गेला. आता त्यात मराठीसकट बऱ्याच भाषा आल्यात म्हणा. पण आधी एखाद्या सेविकेच्या शेजारी पाटावर बसून दोन दिवस बघितलं असतं तर हे सगळं करावं लागलं असतं का?

वांगंभरीत
मी डाएट ॲप वापरून सोडलं, माझं रडगाणं ऐका. ज्वारीची भाकरी शोधली तर मिळाली नाही, "फ्लॅटब्रेड" मिळाला, तो म्हणे ग्रॅममध्ये सांगा. मी भाकरी थापून वजन करू? आमच्या सोलापूरची भाकरी आणि पुण्याच्या खाणावळीतली भाकरी यात सुपारी आणि नारळाचा फरक आहे. पिठलं शोधलं तर "बेसन करी". ठेचा नाहीच. भोगीची भाजी टाकायला गेले तर सात वेगवेगळ्या नोंदी करा म्हणे, एक वाटी भाजीला पंधरा मिनिटं!

माहिती नाही असंही नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले, ५२८ पदार्थ आहेत त्यात. फक्त ते तूर, ज्वारी, शेपू असे कच्चे जिन्नस आहेत, ताटातले पदार्थ नाहीत. मधलं काम, म्हणजे एक वाटी आमटीत किती डाळ, एक पळी म्हणजे किती, हे करायला कोणीतरी चार जिल्ह्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहायला हवं. तेवढं कोण करतो, अमेरिकेतली यादी उचलली की झालं.

टवाळ_टोण्या
एकदा मिसळ टाकली तर ॲप म्हणालं "मिक्स्ड सॅलड". मी त्या महिन्यात कागदोपत्री सलमान झालो होतो.

इन्सुलिन_आणि_इडली
सगळे "ॲप नको कागद बरा" या लायनीवर चाललेत म्हणून लिहिते. मला नवव्या वर्षापासून टाइप १ डायबेटिस आहे, आता २६. दंडावर सेन्सर असतो, दर थोड्या वेळाने शुगर फोनवर येते. गेल्या पावसाळ्यात रात्री तीनला ७० च्या खाली जाऊन अजून उतरत होती, मी गाढ झोपेत. माझ्या फोनचा गजर मला ऐकूच आला नाही. तो आईच्या फोनवरही जातो, ती कोल्हापुरात, मी हैदराबादला. तिने रूममेटला फोन करून मला उठवलं, साखरपाणी पाजलं. कॅलेंडरने हे केलं नसतं.

तक्रार मलाही आहे. तो गजर असा भयानक आवाजाचा की मीटिंगमध्ये वाजला की बॉम्ब ठेवल्यासारखे लोक बघतात, आणि "थोडी जास्त आहे" आणि "मरायला टेकलीयस" याला जवळजवळ एकच आवाज. आठवडाभरात माणूस दोन्हीकडे दुर्लक्ष करायला शिकतो. ज्याने हे बनवलं त्याने एक रात्र तो लावून झोपून बघावं.

कोडगा_कोडर
इडली, +१. हे वाचून माझा आधीचा प्रतिसाद थोडा मागे घेतो. गजराचं असंच आमच्याकडे सर्व्हरच्या अलर्टचं होतं. सगळेच लाल म्हटल्यावर कोणी बघत नाही.

कंदील
मी पूर्ण दृष्टिहीन आहे, टॉकबॅकवर (पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय) फोन वापरतो, हा धागाही ऐकूनच वाचला. हेल्थ ॲप उघडलं की मला काय ऐकू येतं सांगतो. "बटण. बटण. लेबल नसलेलं बटण. इमेज. बटण." म्हणजे तुम्ही सुंदर हृदयाचं चित्र काढलंय पण त्याला नाव दिलं नाही. नाव द्यायला प्रोग्रॅमरला एक ओळ लागते. तुमचे रंगीत आलेख माझ्यासाठी शांतता आहे, त्याऐवजी "या आठवड्यात सात नोंदी, सर्वांत जास्त १८८ मंगळवारी जेवणानंतर" एवढं वाक्य असलं तर मलाही कळेल आणि मला वाटतं डॉ. कडुलिंबांनाही.

डॉ_कडुलिंब
कंदील, मला तर तेच हवंय.

रेषा_आणि_बिंदू
कंदीलना अनुमोदन. आणि अभियंता, तांत्रिक हवं असेल तर: बोट लावायची जागा निदान नऊ मिलिमीटरची असावी (अँड्रॉइडच्या भाषेत ४८ डीपी), अक्षर आणि पार्श्वभूमी यांचं कॉन्ट्रास्ट ४.५ ला १. फिकट राखाडी अक्षरं ही आम्हा डिझाइनरांची फॅशन आहे, मोतीबिंदूवाल्यांना ती दिसत नाहीत. लाल-हिरव्यावर काहीही एकट्याने टेकवू नका, रंगाबरोबर शब्द हवाच.

रातराणी२७
लिहू की नको करत होते. दोन वर्षांपूर्वी गरोदर असताना एक ॲप घेतलं होतं. दर आठवड्याला बाळ केवढं झालं ते सांगायचं, आज राईएवढं, आज द्राक्षाएवढं. अकराव्या आठवड्यात गर्भपात झाला. दवाखान्यातून घरी आले त्या रविवारी सकाळी फोनवर आलं, "अभिनंदन! तुमचं बाळ आता लिंबाएवढं!"

ॲप काढून टाकलं तरी त्यांचे मेल येत राहिले. मेल बंद करायला लॉगिन करावं लागत होतं, आणि लॉगिन केलं की पहिल्याच पडद्यावर किती दिवस उरले तो आकडा. शेवटी नवऱ्याने केलं. तो पण नंतर बराच वेळ गॅलरीत जाऊन उभा होता.

"गर्भारपण थांबलं" असं एक बटण सहज सापडेल अशा जागी असायला हवं होतं, आणि ते दाबल्यावर कोणताही प्रश्न न विचारता सगळं गप्प व्हायला हवं होतं. बस एवढंच.

टवाळ_टोण्या
रातराणी, काही सुचत नाहीये. काळजी घे.

सुलभाताई_नाशिक
बाळा, १९७९ साली माझंही असं झालं होतं. तेव्हा पोस्टमन जन्मनोंदीचं विचारायला आला होता. तुला मिठी.

संशयात्मा
रातराणींचं वाचून विषय बदलावासा वाटत नाही पण याच्याशी जोडलेलंच आहे म्हणून. असल्या ॲपमधली माहिती कुठे जाते हेही बघा. पाळीची नोंद ठेवणारं 'फ्लो' नावाचं ॲप आहे, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ मध्ये त्यांच्यावर ठपका ठेवला की माहिती खाजगी ठेवू असं सांगून ती फेसबुक, गूगल यांच्या विश्लेषण सेवांना पोचत होती. तडजोड झाली, यापुढे विचारल्याशिवाय द्यायची नाही असं ठरलं. आपल्याकडेही २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यायला हवा असं आहे, म्हणजे मराठीतही. अभियंता, तुमच्या "मराठी" ॲपमधल्या अटी-शर्ती कुठल्या भाषेत आहेत? आणि बीपी मोजायच्या ॲपला कॉन्टॅक्ट लिस्ट कशाला लागते?

अर्धवट_अभियंता
इंग्रजीत. चौदा पानं. आणि कॉन्टॅक्ट "मित्रांना आमंत्रण द्या" साठी. हो, माहितीये कसं वाटतंय ते.

संत्रानगरी
मित्राले आमंत्रण? "ये माझी शुगर बघाले"?

(एकोणीस दिवसांनी)

अर्धवट_अभियंता
शनिवार, दुपारी ४:१०

धागा वर काढतोय. मधे दोन वीकेंड आणि तीन दिवस सुट्टी टाकून आईकडे बसलो. बोलायचं नाही, शिकवायचं नाही, फक्त बघायचं असं ठरवलं होतं. रेषा आणि भोपळ्याचीवेल, तुमच्यामुळे.

तर काय दिसलं. मशीन फ्रिजवरच्या डब्यात. फोन हॉलमध्ये चार्जिंगला, कारण स्वयंपाकघरातला प्लग मिक्सरला लागतो. कॅलेंडर ओट्यापासून एका हातावर, त्याला पेन दोऱ्याने बांधलेलं. डाव्या हाताची करंगळी टोचते, कापूस धरते आणि उजव्या हाताने लिहिते. चार सेकंद. मी मोजले. आमच्या ॲपमध्ये तीच नोंद करायला तिला अडतीस लागले, तेही मी शेजारी असताना.

पण खरी गंमत पुढे आहे. मी कॅलेंडरची गेल्या सहा महिन्यांची पानं काढून बसलो. नुसते आकडे नाहीयेत. "२१४, मुंजीत जेवले." "९२, घाम आला, गूळ खाल्ला." "झोप नाही." "गोळी संपली, दुकान बंद." आणि दोन ठिकाणी आकडा वर गेलाय तिथे तिने काहीच लिहिलेलं नाही, मी म्हटलं इथे का वाढली, तर म्हणाली वर छापलेलं दिसत नाही का, एकादशी. साबुदाणा. तिला लिहायची गरजच नव्हती, कॅलेंडरनेच लिहून ठेवलेलं. आमच्या आलेखात ते दोन नुसते लाल ठिपके आहेत.

महिना संपला की पान फाडते, घडी घालून पाकिटात आणि डॉक्टरकडे. डॉक्टर त्याच पानावर गोल करून देतात. डॉ. कडुलिंब, तुमचे तीन रकाने तिने न सांगता काढलेत.

ऑफिसात हे सगळं फोटोंसकट दाखवलं. ओटीपी पहिल्या पडद्यावरून गेला, नोंद करायला आता काहीच लागत नाही, फोन बदलायचा असेल तरच नंबर विचारतो. उघडलं की थेट मोठे आकडे, आकड्याशेजारी एक ओळ मोकळी, हवं ते लिहा किंवा बोला. तारीख मागची टाकता येते (आशाताई, ही तुमची). फारच विचित्र आकडा आला तर विचारतो. ८:०० च्या जागी नाष्टा-दुपार-रात्र आणि आधी-नंतर. आलेख मागे गेला, पुढे महिन्याचं पान, तिथी-सणांसकट, छापता येईल असं. चित्रांना नावं देतोय, कंदील, चाचणीला मदत कराल का? अटी-शर्ती मराठीत दोन पानांत आणायचं चाललंय, वकील कुरकुरतोय. कॉन्टॅक्ट काढले. पॉइंटवरून मात्र भांडण चालू आहे, साहेबांना ते हवेच आहेत.

काल आईला दाखवलं. तिने बराच वेळ बघितलं, दोन आकडे टाकले, अकरा सेकंद लागले. मग म्हणाली, "चांगलं आहे. पण यात दूध कुठे लिहायचं?"

टवाळ_टोण्या
दूध फीचर न दिल्यास मोर्चा काढण्यात येईल.

डॉ_कडुलिंब
तुमच्या आईंच्या डॉक्टरांनाही ते छापलेलं पान एकदा दाखवा, ओके म्हणण्याआधी. आणि ९२ ला घाम आला म्हणतायत तर त्यांना गोळीच्या डोसचं विचारायला सांगा. ते ॲपच्याही आधी.

अर्धवट_अभियंता
डॉक्टर, धन्यवाद, सोमवारची अपॉइंटमेंट घेतली. माझ्या नजरेतून ते सुटलंच होतं, आकडा नॉर्मल दिसला म्हणून.

कंदील
चाचणीला तयार आहे. व्यनि (खाजगी निरोप) करतो.

चुलीवरची_आशा
तारखेचं केलंत, बरं वाटलं. आमच्यावाल्या ॲपच्या साहेबांना पण तुमच्या आईकडं पाठवा.

अर्धवट_अभियंता
आशाताई 🙏

एक विनंती सगळ्यांना. कोणाकडे जुना दोन जीबी रॅमचा अँड्रॉइड पडून आहे का? आमच्या सगळ्यांचे फोन नवे आहेत, चाचणीला तसा हवाय. पुण्यात असाल तर येऊन घेऊन जातो.

वांगंभरीत
माझ्याकडे आहे, कोथरूडला. पण स्क्रीनला वरून खालपर्यंत तडा गेलाय आणि डावीकडचा टच चालत नाही.

अर्धवट_अभियंता
तसाच हवाय. उद्या येऊ?

वांगंभरीत
ये. भाकरी-पिठलं आहे उद्या. वजनकाटा आणू नकोस.